नोंदीमागची नोंद

संगणकाने दाखवलेली नोंद खरी कशावरून, हा एकच प्रश्न मी गेली अनेक वर्षे न्यायालयांत, लवादांपुढे आणि आयोगांपुढे निरनिराळ्या शब्दांत विचारत आले आहे. कधी तो कोट्यवधी रुपयांच्या सॉफ्टवेअर करारात एखाद्या कारखानदार कंपनीच्या वतीने विचारायचा असतो, तर कधी पेन्शनच्या खात्यातून एका रात्रीत पैसे नाहीसे झालेल्या निवृत्त शिक्षकाच्या वतीने. पहिल्या कामाचे मला चांगले पैसे मिळतात. दुसऱ्या कामाचे मी घेत नाही. वकिलीत नव्याने आलेली मुले-मुली भेटतात तेव्हा त्यांना ही दोन वेगळी कामे वाटतात, एक व्यवसाय आणि दुसरे समाजकार्य. मला ती तशी कधीच वाटली नाहीत, आणि का वाटली नाहीत ते सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, त्यामुळे माझ्या कार्यालयाचे नाव येथे येणार नाही, आणि पक्षकारांचे तपशीलही कोणाची ओळख पटणार नाही इतपतच दिले आहेत.

मी वकिलीला सुरुवात केली तेव्हा मुंबईत तंत्रज्ञानविषयक वाद अशी वेगळी शाखा नव्हती. व्यापारी दावे म्हणजे मालाचा पुरवठा, बँकांची कर्जे, जहाजाचे भाडे आणि भागीदारीतले हिशेब. सॉफ्टवेअरचा खटला आला की तो यांपैकी कोणत्या चौकटीत बसवायचा, इथूनच वाद सुरू होई. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००४ मध्ये, दुकानात सीडीवर मिळणारे तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकराच्या दृष्टीने मालच होय, असा निर्णय दिला. निर्णय कराबद्दलचा होता, पण आमच्यासारख्यांनी तो वेगळ्या कारणासाठी वाचला. सॉफ्टवेअर हा माल ठरला तर तो सांगितलेल्या कामासाठी योग्य असलाच पाहिजे ही माल विक्री कायद्यातली अध्याहृत अट लागू होते; ती सेवा ठरली तर फक्त वाजवी कौशल्याने काम केले की नाही एवढेच पाहिले जाते. एकाच कंपनीसाठी मुद्दाम लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा प्रश्न आजही प्रत्येक खटल्यात नव्याने मांडावा लागतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की असे वाद ‘सॉफ्टवेअर चालले नाही’ या एका वाक्यात मावतात. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर पूर्णपणे बंद पडले, असा खटला मी क्वचितच पाहिला आहे. बहुतेक वेळा ते चालते, पण कोणाच्या तरी अपेक्षेप्रमाणे चालत नाही, आणि ती अपेक्षा करारात कुठे आणि कशी लिहिली होती यावर सगळा खेळ असतो. समजा एका मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीने खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र आणणारी ईआरपी प्रणाली बसवायचे ठरवले. करार दीडशे पानांचा असतो, पण कामाची व्याप्ती सांगणारे परिशिष्ट शेवटच्या आठवड्यात घाईने जोडलेले असते. पुढे कारखान्यातले लोक सांगू लागतात की आमच्याकडे जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेला माल असा मोजत नाहीत. पुरवठादार म्हणतो की हा बदल मूळ व्याप्तीत नाही, त्याचे वेगळे पैसे पडतील. बदलाच्या विनंत्या साचत जातात. जुन्या प्रणालीतली माहिती नव्यात आणताना साठ्याचे आकडे जुळत नाहीत. मग स्वीकृती चाचणी येते आणि तिमाहीच्या अखेरीस, वरून दबाव असताना, कोणीतरी मधल्या फळीतला व्यवस्थापक ‘काही मुद्दे प्रलंबित ठेवून चाचणी मान्य’ अशी दोन ओळींची ईमेल पाठवतो. पुरवठादार त्या ईमेलवर अंतिम हप्त्याचे बिल काढतो, कंपनी पैसे अडवते, पुरवठादार लायसन्स बंद करण्याची नोटीस देतो, आणि लवादाचा निवाडा होईपर्यंत प्रणाली चालू ठेवावी व माहिती परत द्यावी असा अंतरिम आदेश मिळवण्यासाठी लवाद कायद्याच्या कलम ९ खालचा अर्ज घेऊन आम्ही मुंबई उच्च न्यायालयात उभे राहतो.

करार कायदा १८७२ चा आहे. नुकसानभरपाईची त्याची ७३ आणि ७४ ही कलमे याही वादाला पुरतात, आणि बहुतेक करारांत जबाबदारीची कमाल मर्यादा घातलेली असल्याने आकड्यांचे भांडण त्या मर्यादेभोवतीच फिरते. त्याबद्दल मी येथे अधिक लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते पुराव्याबद्दल, कारण या कामाचा कस तिथे लागतो.

माझ्या अनुभवात अशा खटल्यातला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार माणूस नसतो. कंपनी आणि पुरवठादार यांच्यामध्ये तक्रारी नोंदवण्याची जी टिकीट प्रणाली असते, तिच्यात प्रत्येक तक्रार कोणी, कधी, किती तातडीची म्हणून नोंदवली, तिची तातडी नंतर ‘गंभीर’वरून ‘किरकोळ’ कोणी केली, ती बंद कोणी केली आणि पुन्हा कधी उघडली, हे सगळे वेळेसह साठवलेले असते. वरिष्ठ अधिकारी शपथपत्रात काहीही लिहोत, उलटतपासणीत त्यांच्यासमोर हा क्रम ठेवला की बोलणे जपून होऊ लागते. पण हा क्रम मिळतो केव्हा? टिकीट प्रणाली कोणाच्या सर्व्हरवर आहे, तिचा इतिहास किती महिने ठेवला जातो, करार संपल्यावर तो पुसला जातो का, हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारले तरच. म्हणून मोठी कंपनी वाद दिसू लागताच, नोटिशीच्याही आधी, समोरच्याला एक पत्र पाठवते: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे सर्व लॉग (प्रणालीने आपोआप ठेवलेल्या वेळेसह नोंदी), ईमेल आणि बॅकअप जपून ठेवा, नष्ट केल्यास परिणामांची जबाबदारी तुमची. हे पत्र एका पानाचे असते. पुढे येणाऱ्या हजारो पानांपेक्षा त्याचे मोल जास्त ठरलेले मी वारंवार पाहिले आहे.

२०१५ चा व्यापारी न्यायालये कायदा आला आणि या कामाला शिस्त लागली. व्यापारी वादाच्या व्याख्येत तंत्रज्ञान विकसनाचे करार आणि डोमेन नावांसह बौद्धिक संपदेचे वाद स्पष्टपणे आले. दाव्याच्या किमतीची किमान मर्यादा आधी एक कोटी रुपये होती, ती २०१८ च्या दुरुस्तीने तीन लाखांवर आली. लेखी कैफियत १२० दिवसांत दाखल झाली नाही तर तो हक्कच जातो. मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या आदेशात झालेला बदल. त्याच्या सहाव्या नियमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करणाऱ्या पक्षकाराने ती कोणी, कशा पद्धतीने, केव्हा तयार केली, कुठे साठवली आणि ती कोणाच्या ताब्यात होती हे प्रतिज्ञेवर सांगायचे असते. कागदाच्या एका छापील प्रतीमागे केवढी साखळी असते, हे त्या नियमाने वकिलांना आणि न्यायाधीशांनाही शिकवले. दाव्याआधीची मध्यस्थी सक्तीची आहे असे सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन खटल्यात २०२२ मध्ये स्पष्ट केले. तिचा प्रत्यक्ष उपयोग मध्यस्थाला विषय कितपत कळतो यावर अवलंबून असतो, एवढेच म्हणून पुढे जाते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा निवाडा मात्र कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात झालेला नाही. तो जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून आला. २०१४ मध्ये अर्जुन खोतकर तिथून २९६ मतांनी निवडून आले आणि प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला गेला, असा आक्षेप घेऊन निवडणूक याचिका केली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात त्या दिवशी चित्रीकरण झालेले होते. त्या चित्रफितीच्या सीडी न्यायालयात आल्या, पण इलेक्ट्रॉनिक नोंद कोणत्या उपकरणातून, कशी तयार झाली हे सांगणारे, पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही प्रशासनाने दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने चित्रीकरण ग्राह्य धरून निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी अनेक वर्षांचा गोंधळ संपवला. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सादर केले नसेल, तर प्रमाणपत्र आवश्यकच. पण ज्याच्या हाती ते देणे आहे तो देतच नसेल, तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा, न्यायालयाने ते मागवावे, आणि माणसाने शक्य ते सर्व करूनही ते मिळाले नाही तर कायदा त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा करणार नाही. जालन्याच्या याचिकाकर्त्याने शक्य ते सर्व केले होते, म्हणून उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

या निकालातला हा शेवटचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते. प्रमाणपत्र ज्याच्या हाती असते तोच बहुतेक वेळा समोरचा पक्ष असतो. प्रणाली त्याची, सर्व्हर त्याचा, लॉग त्याचा. दोन कंपन्यांमध्ये वाद असेल तर दोघांकडे थोडेफार बळ असते. एका बाजूला एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला प्रणाली चालवणारी संस्था असेल तर काय होते, याचे आपल्या काळातले सर्वांत भयंकर उदाहरण ब्रिटनमधल्या पोस्ट ऑफिसचे आहे.

तिथल्या शाखांमध्ये १९९९ च्या सुमारास फुजित्सूची होरायझन ही हिशेबप्रणाली बसवण्यात आली. प्रणाली शाखेच्या हिशेबात तूट दाखवू लागली की ती शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरने भरून द्यावी, अन्यथा त्याच्यावर चोरीचा किंवा खोटे हिशेब केल्याचा खटला भरावा, असे वर्षानुवर्षे चालले. ९०० हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले, अनेकांची घरे गेली. आणि कायद्याची बाजू पाहा: संगणक नीट चालत होता हे सिद्ध केल्याशिवाय त्याची नोंद पुराव्यात येणार नाही, असे सांगणारी इंग्लंडच्या १९८४ च्या कायद्यातली तरतूद २००० साली, म्हणजे नेमकी होरायझन पसरत असताना, रद्द झाली होती. त्यानंतर संगणक बरोबरच आहे असे गृहीत धरले जाई, आणि तो चुकला हे दाखवण्याचा भार शाखा चालवणाऱ्यावर येई, ज्याच्याकडे एकही लॉग नव्हता.

माजी सबपोस्टमास्तर ॲलन बेट्स आणि त्यांच्यासोबतचे मिळून ५५५ जण दिवाणी न्यायालयात गेले तेव्हा तंत्रज्ञानाचे वाद चालवणाऱ्या वकिलांनी तेच मागितले जे कोणत्याही ईआरपी खटल्यात मागितले जाते: प्रणालीतल्या ज्ञात दोषांची फुजित्सूने ठेवलेली नोंदवही. ती द्यायला आधी विरोध झाला. ती आल्यावर आणि फुजित्सूचे लोक शाखेच्या खात्यात दुरून फेरफार करू शकत होते हे उघड झाल्यावर, न्यायमूर्ती फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ मध्ये प्रणाली भरवशाची नव्हती असा निर्णय दिला. तडजोड ५ कोटी ७७.५ लाख पौंडांची झाली. त्यातला मोठा हिस्सा खटल्याच्या खर्चात आणि पैसा पुरवणाऱ्यांच्या वाट्यात गेला, हे वाचून मला फार त्रास झाला होता. पुढे फौजदारी अपिलात, जिथे काही वकिलांनी विनामोबदला काम केले, २३ एप्रिल २०२१ रोजी ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या, आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून उरलेल्या बहुसंख्य शिक्षा पुसल्या.

माझ्याकडच्या विनाशुल्क कामाला मी याच दृष्टीने पाहते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, एखाद्या सामाजिक संस्थेकडून किंवा ओळखीतून जी प्रकरणे येतात, त्यांतली निम्म्याहून अधिक आता या ना त्या प्रणालीशी भांडणाची असतात. सर्वांत जास्त असतात ती बँक खात्यातून पैसे गेल्याची. बँकेचे उत्तर जवळजवळ ठरलेले असते: व्यवहार ओटीपीने पूर्ण झाला आहे, म्हणजे तो तुम्हीच कोणाला तरी सांगितला असणार. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक याच्या उलट सांगते, हे सुरुवातीला उल्लेखलेल्या त्या निवृत्त शिक्षकाला कोणीही सांगितले नव्हते. बँकेचाही दोष नाही आणि ग्राहकाचाही नाही, तिसऱ्यानेच गैरव्यवहार केला आहे, अशा वेळी ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर त्याचे दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर ते मर्यादित. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने रक्कम खात्यात दाखवायची, ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असेच परिपत्रक निघाले, आणि आपल्या राज्यात ज्यांची बचत सहकारी बँकांत आहे त्यांची संख्या पाहता त्याला फार महत्त्व आहे.

भार बँकेवर आहे एवढे म्हणून मात्र पैसे मिळत नाहीत. त्या शिक्षकाच्या प्रकरणात मी बँकेला जे पहिले पत्र लिहिले, त्यातले प्रश्न मी कंपन्यांच्या खटल्यांतूनच उचलले होते. नवा लाभार्थी, म्हणजे पैसे ज्याला पाठवायचे तो, खात्याला केव्हा जोडला गेला आणि त्याचा संदेश कोणत्या क्रमांकावर गेला? तो संदेश पोहोचल्याचा अहवाल आहे का, की फक्त पाठवल्याचा? लॉगिन कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) आणि कोणत्या उपकरणावरून झाले, आणि त्याआधीच्या सहा महिन्यांत त्याच उपकरणावरून कधी झाले होते का? नव्या लाभार्थ्याला पाठवण्याच्या रकमेवर पहिल्या दिवशी जी मर्यादा असते ती कोणी उठवली? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर भांडण ‘तुम्ही ओटीपी दिला असणार’ या वाक्यापाशी थांबत नाही. त्या प्रकरणात लाभार्थी जोडल्याचा संदेश पोहोचल्याचा अहवाल बँकेला दाखवता आला नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांपुढे प्रकरण गेल्यावर पूर्ण रक्कम परत आली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच मुद्द्यावर एका कंपनीचे ७६ लाखांहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश बँकेला दिला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण मोठ्या रकमेच्या प्रकरणात ठरलेले तत्त्व लहान रकमेलाही लागू पडते.

पण वेळेचे काय? इंडियन कॉम्प्युटर इमर्जन्सी रिस्पॉन्स टीमने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस ठेवणे बंधनकारक आहे. याहून अधिक काळ कोणी ठेवले तर उत्तम, पण त्याचा भरवसा धरता येत नाही. कंपनी पहिल्या आठवड्यात जपणुकीचे पत्र पाठवते; ज्याचे पैसे गेले तो माणूस आधी शाखेत जातो, मग पोलीस ठाण्यात, मग पुन्हा शाखेत, मग पुतण्याच्या ओळखीच्या वकिलाकडे, आणि माझ्यासारखीपर्यंत पोहोचेतो वर्ष उलटलेले असते. कायदा त्याच्या बाजूने असतो आणि लॉग शिल्लक नसतो. अशी प्रकरणे मी हरले आहे, आणि त्यांत युक्तिवादाला वावच उरलेला नव्हता.

रेशनच्या प्रकरणांचे स्वरूप वेगळे आहे, पण मूळ तेच. आयुष्यभर शेतमजुरी केलेल्या एका वृद्ध बाईंचा अंगठा ई-पॉस मशीनवर उमटत नव्हता. ‘बाई, अंगठा लागत नाही म्हणत्यात, कार्ड तर माझंच हाय,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि कायद्याच्या भाषेतही त्यांचे म्हणणे तेवढेच होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे, तो अंगठ्याच्या ठशाला दिलेला नाही. बायोमेट्रिक ओळख पटली नाही तर अन्य पुराव्यावर धान्य द्यावे आणि तशी नोंद ठेवावी, असे आधार प्राधिकरणाचे २४ ऑक्टोबर २०१७ चे परिपत्रकच आहे. आम्ही जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला आणि त्या दुकानातल्या मशीनच्या अयशस्वी प्रयत्नांचा लॉग मागितला. त्या लॉगमध्ये त्या एकट्या नव्हत्या. एकाच दुकानात तशाच हातांच्या अनेक जणांचे प्रयत्न महिन्यामागून महिने फसत होते, आणि पडद्यावर त्यांच्यापुढे ‘धान्य उचलले नाही’ एवढीच नोंद दिसत होती. धान्य सर्वांचे सुरू झाले. माझ्या सगळ्या वकिलीत एवढ्या लहान अर्जाने एवढे काम क्वचितच केले असेल.

विनाशुल्क वकिली ही आपल्याकडे कोणाच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकणारे कलम ३९अ आले. एम. एच. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा असून तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा मिळते. किती सुशिक्षित स्त्रियांना हे ठाऊक नसते! वकिलांच्या बाजूने पाहायचे तर बार कौन्सिलच्या आचारनियमांतला ४६ वा नियम सांगतो की गरजू आणि पीडित व्यक्तीला आपल्या ऐपतीच्या मर्यादेत विनामूल्य साहाय्य करणे हे समाजाप्रति असलेल्या वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे.

तरीही व्यापारी वकिलांचे विनाशुल्क काम बहुतेक वेळा उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकांपुरते राहते, हे मला खटकते. त्या याचिका आवश्यक असतात. त्यांत मीही काम केले आहे. पण लॉग मागण्याचे पत्र तालुक्याच्या गावात, मराठीत, पहिल्या महिन्यात लिहिले जायला हवे असते, आणि तिथे ते लिहिणारा कोणी नसतो. प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील कष्टाळू असतात, त्यांना मिळणारे शुल्क फार थोडे असते आणि पुराव्याच्या या अंगाचे प्रशिक्षण त्यांना कोणी दिलेले नसते. ज्या वकिलांना ते आहे, ते मुंबई-पुण्याच्या मोठ्या कार्यालयांत आहेत. आणि इथे एक अडचण आहे, जिच्याबद्दल उघडपणे बोलले जात नाही: ज्या कार्यालयाच्या पक्षकारांत बँका आणि दूरसंचार कंपन्या आहेत, त्या कार्यालयातल्या वकिलाला त्यांच्याविरुद्ध गरिबाचे वकीलपत्र घेताच येत नाही. हितसंबंधांचा संघर्ष होतो, आणि तो नियम योग्यच आहे. स्वतंत्र वकिली सुरू केल्यावर मी बँकांचे काम न घेण्याचे ठरवले. त्याची किंमत दर वर्षीच्या हिशेबात दिसते. नव्या मुलांनी लगेच असे करावे असे मी म्हणणार नाही, कारण घरभाडे आणि कर्जाचे हप्ते खरे असतात. पण आपले कौशल्य कोणाविरुद्ध वापरायला आपण मोकळे आहोत, हा विचार पहिली नोकरी घेतानाच करावा असे मात्र मी आग्रहाने सांगते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि कलम ६५ब ची जागा कलम ६३ ने घेतली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक उपकरण किंवा प्रणाली ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, नोंदवायचे असते. पुराव्याच्या शुद्धतेसाठी ही सुधारणा चांगली आहे. कंपनीला तज्ज्ञाची फी जड नाही. पण ज्या बाईकडे नवऱ्याने पाठवलेले धमकीचे व्हॉट्सॲप संदेश आहेत, किंवा ज्या फेरीवाल्याच्या फोनमध्ये फसवणुकीचा स्क्रीनशॉट आहे, त्यांनी तज्ज्ञ कुठून आणायचा आणि त्याला काय द्यायचे?

म्हणून काही वकील आणि दोन संगणक अभियंते मिळून आम्ही सध्या एक प्रस्ताव तयार करत आहोत. प्रत्येक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकिलांबरोबर इलेक्ट्रॉनिक नोंदींचा एक तज्ज्ञ असावा आणि कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा खर्च विधी साहाय्यात धरला जावा, ही त्यातली मुख्य मागणी. सोबत विधी स्वयंसेवकांसाठी एका पानाचा मराठी नमुना जोडला आहे. त्यात खातेदाराचे नाव, व्यवहाराची तारीख आणि वेळ, १९३० या क्रमांकावर केलेल्या तक्रारीचा तपशील, आणि त्याखाली बँकेने कोणकोणते लॉग जपून ठेवायचे त्याची यादी आहे. तो भरून शाखेत द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. मसुदा दोन तालुक्यांतल्या स्वयंसेवकांना वाचायला दिला होता. ‘आयपी पत्ता’ म्हणजे काय ते एका ओळीत लिहा, अशी सूचना दोन्हीकडून आली आहे, आणि ती ओळ घालून पुढची प्रत या आठवड्यात जाईल.